वाढणारा हात

“…आन् जेवान झाल्यावर?” माईंनी विचारलं.

“शतपावली. मग डाव्या कुशीवर थोडा पडतो. झोपत नाही.”

“जेवायच्या आदी?”

“आल्याचा तुकडा, सैंधव लावून. पहाटे उठल्यावर कोमट पाणी. रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या आत. तळलेलं वर्ज्य, शिळं वर्ज्य. घास मोजून चावतो. भोजनात मौन.”

“चांगलं हाय की.”

“चांगलं आहे, माई. सगळं चांगलं आहे!” शास्त्रीबुवा चिडले. “आणि तरी पोटात अन्न ठरत नाही. दोन घास खाल्ले की पोट नगाऱ्यासारखं होतं. घशाशी आंबट येतं. रात्ररात्र उठून बसतो.”

माईंचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते.

वैद्य नरहरशास्त्री टोकेकर सगळ्या तालुक्याला ठाऊक होते ते पोटाचे वैद्य म्हणून. कुणाचं पोट फुगो, कुणाला करपट ढेकर येवोत, परसाकडला बसून बसून कुणाच्या पायांना मुंग्या येवोत, माणसं त्यांच्याच ओसरीवर येऊन बसायची. शास्त्रीबुवा जीभ बघायचे, नाडी धरायचे आणि वर एक खरमरीत कानउघाडणीही करायचे. ती औषधाच्या दामातच असे.

आणि आता त्यांचंच पोट बिघडलं होतं. ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती. बाराबंदी सैल झाली होती, गालफडं बसली होती. लोक विचारत तेव्हा ते “उपवास चालू आहेत” असं सांगून वेळ मारून नेत. स्वतःची चूर्णं झाली, काढे झाले, आसवं झाली. शेवटी तर त्यांनी आपल्या गड्याच्या नावावर शेजारच्या तालुक्यातल्या वैद्याचं औषधही मागवून पाहिलं. गडी ठणठणीत, शास्त्रीबुवा होते तसेच.

मग कुणीतरी खिंडीतल्या मठाची गोष्ट काढली. तिथल्या बैरागीबाबांपाशी म्हणे एक मुळी होती. बाबा आता राहिले नव्हते. त्यांच्या जागेवर हरणामाई बसायच्या. तरुणपणी नवरा गेल्यावर त्या मठात आल्या, बाबांची सेवा केली आणि इथंच म्हाताऱ्या झाल्या. मुळीची जागा त्यांना ठाऊक असणार, असं शास्त्रीबुवांनी मनाशी धरलं. घरी “वनस्पती आणायला जातो” म्हणून सांगितलं आणि सकाळीच खिंड चढून आले.

येऊन बसायच्या आधीच त्यांनी माईंचे हात पाहिले होते.

“कंपवात,” ते म्हणाले होते. “वयामुळे आहे. पूर्ण जाणार नाही. पण मी तेल पाठवतो.”

“धाड,” माई म्हणाल्या होत्या. “आता बस खाली.”

हा एकेरीपणा शास्त्रीबुवांना झोंबला होता. पण माई मामलेदारालाही “काय रं, बस” म्हणत. त्यांच्या तोंडी अहोजाहो कधी बसलंच नाही.

“तुजं नेम खरं हायेत,” माई आता म्हणाल्या. “सोडू नगं. पर मला येक सांग… जेवतोस तवा घरात कसला आवाज येतो?”

“आवाज?” शास्त्रीबुवांना प्रश्न कळला नाही. “कसलाच नाही. मी बोलू देत नाही कुणाला.”

“कसलाच न्हाय?”

शास्त्रीबुवांनी आठवून पाहिलं.

“पळी वाजते,” ते म्हणाले. “ताटावर. सून वाढते ना, तिच्या हातातली पळी ताटाच्या कडेवर खडखड वाजते. कधी आमटी सांडते, कधी ताक. लक्ष नसतं तिचं.”

“सुनंचं नाव काय?”

“कुमुद.”

“रांदती कशी?”

“कशी म्हणजे…” शास्त्रीबुवा सावरून बसले. हा विषय त्यांचा होता. “आमची ही होती तोवर प्रश्न नव्हता. ही गेली आणि सगळा कारभार सुनेकडे आला. भाकरी जड. वरण कधी घट्ट, कधी पाणी. फोडणीत हिंग विसरते. पहिला घास घेतला की मला कळतं काय बिघडलंय. मी तसं लगेच सांगतो.”

“मौन आसतं न्हवं?”

“बोलत नाही. नुसतं ‘हं’ करतो आणि ती वाटी बाजूला सारतो. तिला समजतं.”

“रोज?”

“रोज. न सांगितलं तर सुधारणार कशी?”

“आन् सुदारली?”

शास्त्रीबुवांनी बाराबंदीचा बंद सोडून पुन्हा बांधला.

बाहेर आंब्याच्या झाडाखाली कुत्रं अंग झाडत उठलं आणि सावलीकडं सरकून पुन्हा पडलं. माई वाट बघत होत्या. शास्त्रीबुवांना उगाच वाटलं की आता खरं ते सांगून टाकावं. मुळीसाठी आलेल्या माणसाने ते सांगायची काही गरज नव्हती. पण ते सांगून बसले.

“मुलगा म्हणतो, पाडव्याला वेगळं बिऱ्हाड करणार. म्हणतो, बाबा, मला घरात जेवायला नको वाटतं. बाहेरून येताना पोटात गोळा येतो. नातू आता आजोळी आहे. तिकडून तो थेट नव्या घरीच जाईल.” त्यांनी घसा साफ केला. “मी म्हटलं, जा. मी माझं करून खाईन. म्हणजे बिघाड कशात आहे, तेही कळेल.”

“मग?”

“मग काय… जातील.”

हे त्यांनी अगदी सहज म्हणून टाकायचं ठरवलं होतं. पण शेवटच्या शब्दाला आवाजाने दगा दिला. इतक्या मोठ्या घरात आपण एकटे पाटावर बसलो आहोत, समोर आपणच वाढून घेतलेलं ताट आहे, हे चित्र गेले काही दिवस त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. पोटापेक्षा त्याचीच भीती जास्त होती. मुळी मिळाली, पोट सुधारलं, तर आपण ‘हं’ करणार नाही आणि मुलं राहतील, असा त्यांचा हिशेब होता.

“माई, मुळी द्या,” ते म्हणाले. “मी वैद्य आहे. नीट वापरीन.”

“दीन. आदी जेव.”

“इथे?”

“मग कुटं? धोंडगिरी आला बग.”

धोंडगिरी मठातला गोसावी. माईंचाच शिष्य, साठीला टेकलेला, बोलायला अगदी कंजूष. तो खालच्या वस्तीवरून माधुकरी मागून आला होता. खांद्यावरची झोळी त्याने उतरवली आणि भाकरी केळीच्या पानावर मांडल्या. बाजरीच्या, ज्वारीच्या, जाड, पातळ, एक अर्धी, एक कडेला करपलेली. मग पितळी डबा उघडला. घराघरांतलं कालवण त्या एकाच डब्यात पडलं होतं. मुगाची आमटी, वांग्याचा रस्सा, कुणाकडचं हरभऱ्याचं पिठलं, सगळं एकमेकांत गेलेलं. वेगळ्या लोटीत ताक होतं.

शास्त्रीबुवांच्या अंगावर काटा आला. असं जेवल्याचं एखाद्या रोग्याने कबूल केलं असतं तर त्यांनी त्याला ओसरीवरून हाकललं असतं.

“माई, हे सगळं एकत्र…”

“एकत्रच येतंय,” माई म्हणाल्या. “पोटातबी वायलं वायलं ऱ्हात न्हाय.”

धोंडगिरी नेहमीसारखा माईंच्या समोर बसला आणि भाकरी मोडायला लागला. माईंच्या हातून घास तोंडापर्यंत पोचत नसे. रोज तोच त्यांना भरवायचा.

“तू आज ऱ्हाऊ दे,” माई त्याला म्हणाल्या. “शास्त्रीबुवा भरवंल.”

“मी?”

“तू वैद्य न्हवं? माजं हात तुला म्हाईत हायेत.”

नाही म्हणायला जागा नव्हती. शास्त्रीबुवांनी हात धुतले, बाराबंदीच्या बाह्या सारल्या. भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला आणि माईंच्या तोंडाशी नेला.

माईंनी घास घेतला. सावकाश चावला. डोळे शास्त्रीबुवांच्या हातावर ठेवले.

“हं…” माई म्हणाल्या.

शास्त्रीबुवांनी दुसरा घास केला. जरा लहान. माईंनी तोही घेतला. डोळे पुन्हा हातावरच.

“हं…”

“काही चुकलं का?”

माई नुसत्या बघत राहिल्या. भुवई किंचित वर, ओठ मिटलेले. धोंडगिरीही बघत होता. तिसरा घास करताना शास्त्रीबुवांना कळेना की भाकरी जास्त बुडवायची की कमी. त्यांनी जास्त बुडवली. वाटलं, नको. मग झटकली. रस बोटांवरून मनगटाकडे आला. घास उचलला तर तो कडेने निसटत होता. त्यांनी घाईने दुसऱ्या हाताची ओंजळ खाली धरली.

माईंनी घास घेतला नाही. फक्त मान थोडी बाजूला केली आणि पानाकडे पाहिलं.

“हं…”

शास्त्रीबुवांचा हात हलायला लागला. हा हात त्यांचा होता, त्यांना चांगला ओळखीचा होता. याच हाताने ते भिंगरीसारखी पळणारी नाडी स्थिर धरून बसत. आता तो पानावरून माईंच्या तोंडापर्यंतचं वीतभर अंतर धड जाईना. घास मध्येच सुटला आणि कालवणासकट माईंच्या भगव्या लुगड्यावर पडला.

“अरेरे! माई, माफ करा, माझं लक्ष…”

शब्द पुरा व्हायच्या आत माई हसायला लागल्या. म्हातारं अंग सगळंच्या सगळं हलत होतं. धोंडगिरीसुद्धा मिशीतल्या मिशीत हसला.

“सांडू दे,” माई म्हणाल्या. “लुगडं धुता येतं. कर दुसरा. मी आता बगत न्हाय तुज्याकडं. ही भाकरी कुणाची, सांगू?”

शास्त्रीबुवा घाम पुसत होते.

“ही बग. हिच्यावर बोटं उठल्यात. ही साळूची. तिला आता दिसत न्हाय. चाचपून थापती. सून म्हणती आत्या तुमी बसा, मी करते. पर माज्या झोळीतली भाकरी ती कुणाला करू देत न्हाय… भरव की.”

शास्त्रीबुवांनी भरवलं. माई खिडकीकडे बघत चावत राहिल्या. दात नव्हते त्यामुळे वेळ लागत होता. दुसरा घास लगेच देता येईना. वाट बघता बघता शास्त्रीबुवांनी न कळत साळूच्या भाकरीचा एक तुकडा आपल्या तोंडात टाकला.

“ही जाड हाय ती सगुणाची. हात तसाच हाय तिचा, आन् सोबावबी. भांडती लई. पर भाकरी दोन माणसांना पुरंल आशी करती. म्हणती, मागनारा येकटा कधी नसतोय.”

“खरंच जाड आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले. आणि हसले. मग आपण हसलो याचं त्यांना नवल वाटलं.

“आन् ही पातळ, कडंला फाटल्याली… ही बानूच्या सुनंची. कोवळी पोर हाय. लगीन हून आली तवा तिला पीठसुद्धा मळता येत न्हवतं. पहिल्या दिवशी भाकरी केली, ती अर्धी जळाली, अर्धी कच्ची. धोंडगिरी दारात उभा. पोरगी रडाय लागली. बानूनं काय केलं ठावं हाय?”

“काय?”

“तीच भाकरी झोळीत घातली. आपली चांगली होती, ती न्हाय घातली. म्हणली, माईला सांगा, आमची सून शिकतीया.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी काय म्हणनार? खाल्ली.”

माईंनी तोंड उघडलं. शास्त्रीबुवांनी त्या पातळ भाकरीचा घास भरवला आणि दुसरा स्वतः घेतला. मऊ होती. कडा फाटल्या होत्या, पण आत कच्ची नव्हती.

“चांगली झालीय,” ते म्हणाले.

“ते तिला सांगंल धोंडगिरी. उद्या.”

धोंडगिरीने मान डोलावली. म्हणजे हे रोजचंच होतं. कुणाची भाकरी कशी झाली याचा निरोप दुसऱ्या दिवशी दारोदार जात असणार. शास्त्रीबुवांना वाटलं, या म्हातारीला या वस्तीतल्या बायकांचे चेहरे आता नीट आठवतही नसतील, पण त्यांचे हात ती ओळखते.

जेवण बराच वेळ चाललं. माईंच्या चावण्याला घाई चालत नव्हती आणि शास्त्रीबुवांना त्यांच्या चालीने चालणं भाग होतं. मधल्या वेळात ते आपला घास खात होते. कधी कालवणाबरोबर, कधी कोरडाच. घास मोजायचे राहून गेले. माई मध्येच कुणाच्या म्हशीची गोष्ट सांगत, कुणाच्या जावयाची नक्कल करत. एकदा शास्त्रीबुवांना हसताना ठसका लागला. धोंडगिरीने पाण्याचा तांब्या पुढे केला. पान संपलं. त्यांनी लोटीतलं ताक माईंना पाजलं आणि उरलेलं आपण प्यायले.

“तुज्या सुनंची भाकरी कशी आसती?” माईंनी विचारलं.

“सांगितलं ना, जड असते. कडा…”

“भाकरीचं न्हाय. मी हाताचं इचारतीया. डावखुरी हाय का उजवी?”

शास्त्रीबुवांनी डोळ्यांपुढे आपलं ताट आणून पाहिलं.

कुमुद त्यांच्या घरात येऊन नातू शाळेत जाण्याइतके दिवस झाले होते. रोज दोन वेळा ती त्यांच्या ताटावर वाकत होती. त्यांना पळी आठवली, पळीचा आवाज आठवला, वाटीबाहेर ओघळलेली आमटी आठवली. पळी कुठल्या हातात असे, ते काही आठवेना.

“मनगट धरलंय मी तिचं,” ते स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले.

“का धरलंस?”

“नाडी बघायला. सारखं सांडतं म्हटल्यावर मला वाटलं, अशक्तपणा असेल. हाताला कंप होता. मी तपासली.”

“मग?”

“नाडी जलद होती.”

“ती कुणाकडं बगत होती?”

“खाली. जमिनीकडे.”

“काय औशद दिलंस?”

“अश्वगंधा. दुधातून.”

“गुण आला?”

“नाही…”

माईंनी आपले दोन्ही हात पुढे केले आणि शास्त्रीबुवांच्या हातात ठेवले. हात कागदासारखे हलके होते आणि थरथरत होते, कुणी बघत असो वा नसो. शास्त्रीबुवांनी ते धरून ठेवले.

“ह्ये माजं म्हातारपणाचं,” माई म्हणाल्या. “बाबाच्या समाधीपाशी येकटी बसते तवाबी ह्ये आसंच हलत्यात. तिचं कसं हाय? तू घरात नसतोस तवा सांडतं का तिच्या हातनं?”

“ते मला कसं ठाऊक असणार? मी नसतो तेव्हा…”



मागच्या उन्हाळ्यात एकदा ते साताऱ्याला निघाले होते. वाटेत गाडी बिघडली म्हणून अर्ध्यातून परतले. मागच्या दाराने आले. ओसरीवर मुलगा, नातू आणि शेजारची दोन पोरं जेवायला बसली होती आणि कुमुद ताक वाढत होती. पोरांनी हट्ट धरला असावा. तिने तांब्या खांद्याइतका उंच धरला होता आणि तिथून ताकाची बारीक धार खाली वाटीत सोडत होती. धार सरळ, सुतासारखी. एक थेंब बाहेर नाही. पोरं टाळ्या वाजवत होती आणि ती हसत होती. मुलगाही हसत होता. मग तिला दारातले शास्त्रीबुवा दिसले. तांब्या खाली आला. धार वाटीच्या काठावर आपटली आणि ताक नातवाच्या मांडीवर सांडलं.

“हं,” ते तेव्हा म्हणाले होते. अन्नाशी खेळ करू नये, एवढंच त्या वेळी त्यांच्या मनात आलं होतं. त्याच आठवड्यात त्यांनी तिची नाडी तपासली होती.

तांब्या तिच्या डाव्या हातात होता.

“डावखुरी आहे,” शास्त्रीबुवा म्हणाले.

माईंनी मान हलवली.

“माई, मी तिला उजव्या हाताने वाढायला लावलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. हीच म्हणाली होती, राहू द्या, तिला जमत नाही. मी म्हटलं, डाव्या हाताने वाढत नाहीत आपल्यात. ही असेपर्यंत कुमुद हिच्यामागून वाढायची, मला नीट दिसायची नाही. ही गेली आणि ती समोर आली…”

त्यांचे डोळे भरून आले ते त्यांनी पुसलेही नाहीत. आयुष्यभर ते माणसांच्या जिभा बघत आले होते, रंग बघत आले होते, रात्री काय खाल्लं हे नुसत्या तोंडावरून ओळखत आले होते. आणि आपल्या ताटावर रोज दोनदा येणारा हात जीव मुठीत धरून येतो आहे, हे त्यांना कधी दिसलं नव्हतं. त्या हाताने वाढलेलं अन्न आपण भुवया चढवून, दात आवळून, आता काय चुकलं म्हणून शोधत गिळत आलो. त्यांना त्या पोरीची लाज वाटली. आपलीही वाटली.

धोंडगिरी उठला. पान गुंडाळलं, जागा सारवली. कुत्र्याला राखून ठेवलेली अर्धी भाकरी टाकली. परत येऊन बसला.

खिंडीतून वारा येत होता. शास्त्रीबुवा बसल्या बसल्या एकदा हलले, पाय लांब केले, पुन्हा आवरले. खूप वेळाने त्यांच्या लक्षात आलं की पोट गप्प आहे. करपट ढेकर आली नव्हती. घशाशी काही आलं नव्हतं. इतकंच काय, जेवण झाल्यावर नेहमी पोटावर जाणारा हात आज तिकडे गेलाच नव्हता. तो अजून माईंच्या हाताखाली होता.

विरुद्ध अन्न, गार भाकरी, वर थंड ताक. ग्रंथाने सांगितलेलं सगळं उलटं. त्यांनी मनात एकदा कारण शोधून पाहिलं, पण आज वाद घालायची इच्छा होईना.

“नेम सोडू नको म्हणालात,” ते म्हणाले.

“व्हय. पानी पी, आलं खा, चाल. समदं कर.”

“आणि मुळी?”

“मुळी हाय की. बाबा ती लोकांस्नी देयाचा. लोक खिंड चढून यायचं, इथं बसून जेवायचं, चार शब्द बोलायचं, मुळी घिऊन जायाचं. बरं वाटायचं त्यास्नी.” माई हसल्या. “धोंडगिरी, दे रं ह्येला. पायजे तेवढी घिऊन जाऊ दे.”

धोंडगिरीने कोनाड्यातून कागदाची पुडी काढून दिली. शास्त्रीबुवांनी ती उघडली, मुळी नाकाशी नेली, दाताखाली धरून पाहिली. त्यांच्या स्वतःच्या अंगणात कुंपणाशी ती भरपूर उगवलेली होती. साधी शतावरी. त्यांनी काही न बोलता पुडी नीट मिटली आणि बाराबंदीच्या बंदात अडकवली.

ऊन कलायला लागलं होतं. खाली उतरायला हवं होतं. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं, तर निघायलाच हवं. घरी कुमुद आता चुलीपाशी असेल. ताट मांडताना दाराकडे बघत असेल.

शास्त्रीबुवांनी माईंच्या पायांवर डोकं ठेवलं. येताना ठेवलं नव्हतं.

“आज घरी गेल्यावर काय पथ्य पाळू?” त्यांनी विचारलं.

“आज तिला पाटावर बसव,” माई म्हणाल्या. “आन् तू वाढ.”

शास्त्रीबुवा उंबऱ्याशी थांबले. जन्मात त्यांनी कुणाला वाढलं नव्हतं. ती वर मान करून आपल्याकडे बघेल, मुलगा बघेल, पळी आपल्या हातात असेल…

“माई, मला नाही येत वाढायला. मघाशी पाहिलंत ना तुम्ही. हात थरथरतो. सांडेल माझ्या हातून.”

माईंनी आपले थरथरते हात मांडीवर घेतले आणि डोळे मिटले.

“मग अश्वगंधा घे,” त्या म्हणाल्या. “दुधातनं.”